बुटक्या खुर्चीवरचं कॉलेज

मी बोलतेय. इकडेतिकडे शोधू नका, जरा खाली बघा. दारापाशी, तुमच्या गुडघ्याजवळ, पिवळा रंग अर्धाअधिक उडालेली जी दिसतेय ना, तीच मी. पाळणाघराच्या छोट्या गटातली बुटकी लाकडी खुर्ची.

खुर्ची म्हटलं की मोठ्या माणसांच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते, असं मी ऐकून आहे. खुर्चीसाठी माणसं भांडतात, खुर्चीला चिकटून बसतात आणि खुर्ची गेली की अंथरूण धरतात म्हणे. भांडणं माझ्यासाठीही झाली. पण भांडणारे सगळे दोन हात उंचीचे आणि बिस्किट मिळालं की भांडण विसरणारे. त्यामुळे खुर्ची असूनही माझं डोकं कधी फिरलं नाही.

मला घडवलं एका म्हाताऱ्या सुताराने. कुणाच्या तरी मोठ्या कपाटाचं काम झाल्यावर ज्या फळ्या उरल्या, त्यातून आम्ही बहिणी झालो. सुतार मोठा किरकिरा, पण हात सोन्याचा. पॉलिशपेपर मारून झाला की तो आमच्या कडांवर स्वतःचा गाल टेकवून बघायचा. "पोरांच्या मांड्या मऊ असतात, कुसळ लागता कामा नये," असं पुटपुटायचा. एवढी काळजी घेऊनही माझा एक पाय केसभर आखूड राहिलाच. कुणी बसलं की मी 'टक्' करते. सुतार म्हणाला, "राहू दे, तेवढंच हिचं बोलणं."

आम्ही इथे आलो तेव्हा भिंतींना ओल्या रंगाचा वास होता. नंतर त्या वासाची जागा फिनेल, दूध आणि झोपलेल्या मुलांच्या घामाने घेतली. बहिणी एकेक करून गेल्या. एकीची पाठ निघाली, एकीवर बादली ठेवून ठेवून ती फुगली, एक स्वयंपाकघरात गेली आणि मावशी भाजी निवडायला तिच्यावर बसतात. बाकीच्यांच्या जागी प्लास्टिकच्या रंगीत खुर्च्या आल्या. दिसायला गोजिरवाण्या, पण मोठं माणूस बसलं की पाय फाकतात. मोठ्या माणसाचं वजन पेलणारी छोट्या गटात मीच उरले. या एका गुणामुळे माझ्या आयुष्यात कॉलेज आलं.

कॉलेज आणलं ताईने. छोटा गट म्हणजे दोन-तीन वर्षांची मुलं, आणि त्या मुलांची ताई. मुलं तिला ताई म्हणतात, मुलांच्या आया ताई म्हणतात, आणि ज्यांची मुलं कधीच मोठी होऊन गेली तेही रस्त्यात भेटले की ताईच म्हणतात. स्वतःची मुलगी कडेवर होती तेव्हापासून ती इथे काम करते. तिची मुलगी आता कॉलेजात जाते, त्यावरून काय तो हिशेब करा.

ताईसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. पाठमोरी उभी राहून कपबश्या विसळत असली तरी रडणं ऐकून सांगेल, हे भुकेचं, हे झोपेचं, हे दात येताना होतं ते आणि हे निव्वळ नाटक. एखादीने नुसती भुवई हलवली की ताई म्हणणार, "कळलं गं बाई, कळलं!" आणि पाणी हजर. दुसरीने फ्रॉकची कड चिमटीत धरली की, "कळलं, चल पटकन," आणि स्वारी मोरीत. या एका शब्दावरून मावशींनी तिचं नाव 'कळलंताई' पाडलं होतं. मावशी म्हणजे स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा, आणि पाळणाघरात कुणाला काय म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकारही त्यांचाच. ताईला ते नाव मनापासून आवडायचं. आवडणारच. सगळा अभिमान त्या एका शब्दात होता.

मग एक दिवस मोठ्या बाई आल्या. पाळणाघर त्यांचं. त्या उभ्यानेच म्हणाल्या, "ताई, वरून नवीन नियम आलाय. गट ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे बालशिक्षणाची पदविका हवी. पुढच्या तपासणीपर्यंत मुदत आहे."

"आणि नसली तर?"

"तर गट दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. तुम्ही मदतनीस म्हणून राहालच की. तुम्हाला मी सोडते होय?"

मोठ्या बाई गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ताईने तोंड सोडलं. "इतकी वर्षं मी इथे काय माशा मारल्या का मावशी? उद्या कालची कुणी पोरगी येणार, हातात कागद घेऊन, आणि मी तिच्या हाताखाली बाळुती धुवायची?"

मावशी म्हणाल्या, "मग तूही आण की कागद. कागदाला काय पाय आहेत चालत यायला?"

अशी ताईची भरती झाली. अर्धवेळ अभ्यासक्रम होता. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग, शनिवारी सकाळपासून, आणि उरलेला अभ्यास आपला आपण. घरी त्याचे जे काय परिणाम झाले ते मला ताईच्या आणि मावशींच्या बोलण्यातून कळत. नवरा भात लावायला शिकला. पहिले काही दिवस तळ करपायचा, पण "आज बरा झाला ना?" असं विचारून तो सगळ्यांना खायला लावायचा. मुलगी आणि आई एकाच टेबलावर अभ्यासाला बसायच्या, आणि मुलगी आईला म्हणायची, "आई, कॉम्प्युटरला एवढ्या जोरात मारायचं नसतं, तो काही पापड नाही." ताई मावशींना हे सगळं रागाने सांगायची, पण सांगताना हसायची.

कॉलेजात मी कधी गेले नाही. पण दुपारी मुलं आडवी झाली की ताई मला ओढून खिडकीशी न्यायची, माझ्यावर बसायची, मांडीवर पुस्तक घ्यायची आणि हलक्या आवाजात वाचायची. तोंडाने वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे. त्यामुळे निम्मा अभ्यासक्रम माझाही झाला. मुलांनाही सवय लागली. एक टारगट पोरगा तर 'सर्वांगीण विकासाचे टप्पे' ऐकल्याशिवाय डोळे मिटेना.

पहिला निबंध तिने फार मन लावून लिहिला. 'मूल म्हणजे मातीचा गोळा' अशी सुरुवात होती. कॉलेजच्या मॅडमनी त्याखाली लाल शाईत लिहिलं, 'तुम्ही रोज मातीचे गोळे सांभाळता की मुलं?' ताईने तो शेरा मावशींना वाचून दाखवला. मावशी म्हणाल्या, "बाई खट आहे, पण खोटी नाही."

खरी पंचाईत निरीक्षणाची झाली. निरीक्षण म्हणजे एका जागी बसायचं, एका मुलाकडे बघायचं, जे दिसेल ते लिहायचं आणि मध्ये पडायचं नाही. ऐकायला किती सोपं! ताई माझ्यावर बसायची, वही उघडायची, आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत उठायची. कुणाचं नाक गळतंय, कुणाचा बूट उलटा चाललाय, कुणाचा मनोरा आता पडणार. तिचे हात तिच्या परवानगीची वाट बघत नसत. ती उठली की मी टक्, बसली की मी टक्. निरीक्षणाच्या वेळी माझा नुसता टकटकाट चालायचा.

मॅडमचा शेरा आला, 'या निरीक्षणात मूल कुठे आहे? मला पानभर ताईच दिसतात.'

"नाक गळत असताना मी काय लिहीत बसू?" ताई वर्गात म्हणाली म्हणे.

"नाक जरूर पुसा," मॅडम म्हणाल्या. "पण बूट त्याचा तो घालत होता. तो तुम्ही का घातलात?"

 

अभ्यासक्रमाच्या शेवटी मोठं काम असतं. एक मूल निवडायचं, त्याच्यावर काही महिने लक्ष ठेवायचं, त्याच्यासाठी काय केलं आणि काय बदललं ते मांडायचं. मग एक दिवस मॅडम स्वतः येऊन बसणार आणि सगळं डोळ्यांनी बघणार. यात पास तर पदविका. नापास तर तपासणीच्या आधी पुन्हा संधी नाही, म्हणजे गट गेला. ताईने निवडली चिमूट.

चिमूट म्हणजे चिमूटभर पोर. आली तेव्हा दप्तर मोठं की ती मोठी, असा प्रश्न पडावा. ती बोलत नसे. कान तपासले होते, ते उत्तम. घरी आजीच्या कानात कुजबुजायची, असं तिची आई सांगायची. पण पाळणाघराचं दार ओलांडलं की ओठ शिवलेले. ना आई गेली म्हणून रडणं, ना कुणी खेळणं ओढलं म्हणून तक्रार. आई रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "आज काही बोलली?" आणि रोज उत्तर ऐकून चप्पल घालताना तिचा चेहरा उतरायचा.

"हिचीच निवड का?" मावशींनी विचारलं.

"कारण ही मला पूर्ण कळते," ताई म्हणाली. "हिला बोलायची गरजच नाही. मी हिच्या डोळ्यांत बघितलं की पुरे."

ते खरंही होतं. चिमूटने नळाकडे पाहिलं की पाणी. चेंडूकडे पाहिलं की चेंडू. दोघींचं असं जमलं होतं की बघणाऱ्याला कौतुक वाटावं.

फक्त एक गोष्ट ताईला कळली नव्हती, ती मला माहीत होती. चिमूट रोज आल्या आल्या माझ्यावर बसायची. पाय खाली टेकवायची, पुढे-मागे झुलायची, मी टक् टक् करायचे आणि तिचे ओठ किंचित हलायचे. ताईला वाटे, पोरीला खिडकी आवडते. म्हणून निरीक्षणासाठी मी लागले की ती चिमूटला अलगद उचलायची आणि खिडकीशीच एका निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवायची. चिमूट हूं की चूं करायची नाही. ताईने लिहिलं, 'मूल समंजस आहे, जागा सहज देते.' मॅडमनी 'समंजस' या शब्दाखाली रेघ मारून विचारलं, 'हे दिसलं की वाटलं?'

मग मॅडम एकदा अधल्यामधल्या भेटीला आल्या. उंच बाई. माझ्यावर बसताना दोन्ही गुडघे कडकड वाजले आणि हनुवटी गुडघ्याला लागायला आली. पण बसल्या ते हलल्या नाहीत. ताई आणि चिमूट यांच्याकडे बघत राहिल्या. ताईने त्या दिवशी जीव ओतला होता. "कळलं, कळलं" म्हणत एकेक गोष्ट अशी हातात देत होती की चिमूटला मान वळवायचीही तसदी नको.

मुलं झोपल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्हाला फार लवकर कळतं."

ताईला ते कौतुक वाटलं. ती लाजून हसली.

"तिला बोलायला तुम्ही जागाच ठेवत नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "मागायच्या आधी सगळं मिळतंय. मग तिने तोंड कशाला उघडायचं?"

ताईचं हसू तसंच राहिलं, पण चेहऱ्यावरून रंग गेला. मॅडम गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेले पेले पुन्हा धुवायला लागली. "ज्या गुणावर आयुष्य काढलं त्यालाच बाई दोष म्हणते. नको मला कागद. मदतनीस तर मदतनीस."

मावशी भाजी चिरत होत्या. "घरी सांगितलंस?"

"सांगितलं ना. वाटलं, मुलगी तरी माझी बाजू घेईल. तर म्हणते कशी, आई, माझंही तू हेच करतेस. मी तोंड उघडायच्या आत तुला कळलेलं असतं, आणि त्यातलं निम्मं चुकीचं असतं." ताईने हातातला पेला खाली ठेवला. "निम्मं चुकीचं, मावशी! आणि ही कधी बोलली नाही."

"बोलू दिलंस कधी?" मावशी म्हणाल्या. त्यांना गोड बोलायचा कंटाळा होता. पण मग त्यांनी सुरी खाली ठेवली, डबा उघडला आणि एक लवंग काढून ताईच्या तळहातावर ठेवली. "ही दातांत धर. जेव्हा जेव्हा कळलं म्हणावंसं वाटेल, तेव्हा चाव. जिभेला काम मिळालं की शब्द थांबतो."

तेव्हापासून छोट्या गटात लवंगेचा वास यायला लागला. ताई थांबायला शिकू लागली. आणि काय सांगू, ते दिवस वाईट गेले. चिमूट नळाकडे बघायची, ताई लवंग चावत विचारायची, "काय हवंय, बाळा?" चिमूट तिच्याकडे बघायची, मग पायांकडे, आणि तहानलेलीच निघून जायची. एके दिवशी फ्रॉकची कड चिमटीत धरून ती उभी राहिली, ताई थांबली, आणि जे व्हायचं ते फरशीवर झालं. चिमूट रडलीसुद्धा नाही. तिचे कपडे बदलताना ताईच रडत होती. "हे शिक्षण आहे की छळ?" असं ती मॅडमना फोनवर म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणा शिक्षिकेवर तिचा आवाज चढला होता.

त्या शनिवारी मॅडमनी तिला वर्गानंतर थांबवून घेतलं, आणि जे सांगितलं ते ताईने सोमवारी मावशींना जसंच्या तसं सांगितलं. "म्हणाल्या, शू-पाण्याला थांबायचं नसतं ताई, ते माझं सांगायचं राहिलं, चूक माझी. जिथे तिला घाई नाही तिथे थांबा. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही थांबत नाही. न कळल्याचं सोंग करता. उत्तर तुमच्या डोळ्यांत असतं आणि प्रश्न तोंडात. मुलांना सोंग बरोबर ओळखता येतं."

"मग काय करणार?" मावशींनी विचारलं.

"तेच तर. मला कळतंच, मावशी. न कळलेलं कुठून आणू?"

परीक्षेचा दिवस उजाडला. ताई धुतलेली साडी नेसून आली होती, आणि तिच्या बोटांना घाम होता, कारण माझी पाठ तिने धरली तेव्हा मला तो लागला. मॅडम कोपऱ्यात, मोठ्या बाईंच्या खोलीतून आणलेल्या उंच खुर्चीवर बसल्या. मोठ्या बाई दारातून दोनदा डोकावून गेल्या. मुलं ठोकळे खेळत होती. ताईने मला खिडकीशी ओढलं, बसली, मांडीवर कागद घेतले. चिमूट अजून आली नव्हती. निळी खुर्ची तिच्यासाठी खिडकीशी मांडलेली होती.

चिमूट उशिरा आली. आईने दारात सोडलं, तिने दप्तर खुंटीला अडकवलं, बूट काढून फळीवर ठेवले, आणि सरळ चालत येऊन ताईपुढे उभी राहिली.

ताईने तिच्याकडे पाहिलं. चिमूट नळाकडे बघत नव्हती. चेंडूकडे नाही, दाराकडे नाही. फ्रॉक मोकळा होता. ताईला वाटलं, कडेवर यायचं असेल. तिने मांडीवरचे कागद बाजूला करून हात पसरले. चिमूट एक पाऊल मागे सरकली आणि पुन्हा तशीच उभी राहिली, कपाळाला आठी घालून.

कोपऱ्यातल्या मॅडमची पेन्सिल थांबली.

ताईने सगळं आठवून पाहिलं असणार. भूक, झोप, ताप, पोट, भांडण, आई. एकही लागू पडेना. पदविका, गट, मॅडम, तपासणी, सगळं त्या आठीपुढे उभं होतं आणि इतक्या वर्षांच्या अनुभवाची झोळी रिकामी निघाली. मला वाटत होतं ओरडून सांगावं, अगं बाई, खाली बघ, तू कशावर बसलीयस ते बघ! पण मी फक्त टक् करू शकते, आणि तेही कुणी हललं तरच.

ताईने दातांतली लवंग काढून मुठीत धरली. हळूच म्हणाली, "चिमूट, मला नाही गं कळलं. खरंच नाही कळलं."

सोंग नव्हतं. चिमूटने तिच्या डोळ्यांत नीट निरखून पाहिलं, आतमध्ये उत्तर लपवलंय का ते शोधल्यासारखं. तिथे काही नव्हतं.

"ऊठ," चिमूट म्हणाली.

आवाज जरा घोगरा होता, न वापरलेला. ठोकळे खेळणारा तो टारगट पोरगाही मान वळवून बघायला लागला.

"ऊठ ना. ही माझी आहे."

ताई अशी ताडकन उठली की कागद चारी दिशांना गेले. चिमूट माझ्यावर बसली, फ्रॉक सारखा केला, पाय टेकवले आणि झुलली. टक्. "टक्," चिमूट म्हणाली. टक्. "टक्." इतके महिने तिचे ओठ याच शब्दावर हलत होते, हे तेव्हा मलाही कळलं. दिवसभर जिच्याशी कुणी बोलत नाही अशा माझ्याशी ती रोज बोलत होती.

ताई फरशीवर बसली. कागद गोळा करायचं तिला सुचलं नाही. डोळे पुसायचंही सुचलं नाही. दारात मावशी हातात कालथा घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांनाही तो खाली ठेवायचं सुचलं नाही.

त्या दिवशीच्या निरीक्षणात ताईने दोनच ओळी लिहिल्या. 'मी तिच्या जागेवर बसले होते. तिने मला उठायला सांगितलं.' बाकी पान कोरं. तिला वाटलं, आता नापास. मॅडमनी ते पान उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तुमच्या निरीक्षणात मूल दिसलं, ताई."

ताई पास झाली. फार चांगल्या गुणांनी वगैरे नाही. निबंध तिचे शेवटपर्यंत पाल्हाळिकच राहिले. पण पास झाली, तपासणी झाली, गट तिच्याकडेच राहिला. नवऱ्याने त्या दिवशी भात अजिबात न करपवता लावला. मुलगी म्हणाली, "आई, मला तुझ्याशी काही बोलायचंय," आणि ताई लवंगेशिवाय शेवटपर्यंत ऐकत बसली. मुलीने काय सांगितलं ते ताईने मावशींनाही सांगितलं नाही, म्हणून मला माहीत नाही.

आणि चिमूट? ती आता मोठ्या गटात आहे. तिथल्या बाई परवा ताईला म्हणाल्या, "हिला बोलतं केलंत ते ठीक, पण बंद करायची किल्ली कुठे ठेवलीत?"

आता माझं. माझ्या बैठकीला मधोमध चीर गेली आहे. रंग उडालाय, आखूड पाय आणखी झिजलाय. आज सकाळी मोठ्या बाई म्हणाल्या की लाकडी सामान काढून टाकू, धुता येईल असं नवीन घेऊ. त्यांचंही चूक नाही. जुनं सामान न्यायला टेम्पोवाला आला. त्याने मला उलटी करून पाहिली, "जळणात जाईल," म्हणाला आणि दारापाशी नेऊन ठेवली. मोठ्या बाई हो म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, ती मला स्वयंपाकघरात द्या. कुणी म्हणालं, कुंडी ठेवायला छान आहे. प्रत्येकाला माझं काय करायचं ते कळलेलं होतं.

मोठा गट हात धुवायला चालला होता. रांगेतून चिमूट बाहेर पडली आणि टेम्पोवाल्यापुढे येऊन उभी राहिली. "काका, तिला जायचंय का?"

टेम्पोवाला हसला. "अगं, खुर्ची आहे ती."

"पण विचारलं का तिला?"

सगळे हसले. ताई हसली नाही. ती माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली. "थांबा हो जरा," ती टेम्पोवाल्याला म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हं, सांग." आणि खरोखरच थांबली. तिच्या डोळ्यांत उत्तर नव्हतं.

सुताराच्या हातून निघाल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून एवढं बोलले. लांबलं, ठाऊक आहे. पण ज्याला कधीच कुणी विचारत नाही त्याचं बोलणं पहिल्या वेळी लांबतंच. आता सांगते.

मला जायचं नाहीये.